अठरा फुटांची खोली

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी ड्रॉइंगचा कागद टेबलावर उलगडला आणि त्याला सगळ्यात आधी दिसली ती वरच्या कडेची रेघ – तिरकी, तीनदा खोडून चौथ्यांदा काढलेली. खोडरबरानं तिथला कागद इतका झिजला होता, की खालच्या टेबलाचा तपकिरी रंग आरपार दिसत होता. रेघ मात्र ठाम होती. डावीकडे उंचावर सुरू होऊन उजवीकडे उतरत गेलेली... छपराची म्हणावी, तर हा वरून पाहिलेला नकाशा होता, आणि वरून पाहिलेल्या नकाशात छप्पर नसतं.

"मागची भिंत तिरकी आलीय," तो म्हणाला.

"हो," गणिताच्या बाई म्हणाल्या. "त्यासाठीच बोलावलं तुम्हाला."

"आमच्या घराची एकही भिंत तिरकी नाही."

"तेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

वर्ग रिकामा होता. सातवीची मुलं मैदानावर होती, आणि त्यात कुठेतरी त्याची मुलगीही. बाक मुलांच्या मापाचे, त्यामुळे त्याचे गुडघे वर आले होते. बावीस वर्षं तो लोकांच्या जमिनी मोजत आला होता. कुणाचाही नकाशा समोर आला की त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जाई, तसा तो आताही गेला, आणि बाई काही म्हणायच्या आत पॅसेजच्या कडेला त्यानं बारीक आकड्यांत लिहूनही टाकलं – १६. मुलीनं तिथं २४ लिहिलं होतं.

"पॅसेज सोळा फूट आहे. हिनं चोवीस धरलाय. डावी बाजू आठ फुटांनी वाढली, उजवी होती तेवढीच राहिली. मग मागची भिंत दोन्ही टोकांना जोडायची म्हणून तिरकी काढावी लागली." बोलताना त्याला बरं वाटत होतं. चूक सापडली की त्याला नेहमीच बरं वाटे. चूक नकाशाभर पसरलेली दिसते, पण बसलेली असते एकाच जागी. ती जागा शोधली की बाकी सगळं आपोआप सरळ होतं. "मला सांगितलं असतं तर मी टेप दिली असती."

"टेप चालणार नव्हती. पावलांनी मोजायचं होतं." बाईंनी वही उघडली. "मैदानावर शंभर फूट आखून दिले होते. प्रत्येकानं चालायचं, पावलं मोजायची आणि भागाकार करून स्वतःचं पाऊल काढायचं. मग त्या पावलानं घर मोजायचं. तुमच्या मुलीची बरोबर पन्नास पावलं झाली. पाऊल दोन फुटांचं. तीनदा चालवलं तरी पन्नासच. इतकं एकसारखं चालणारं वर्गात दुसरं कुणी नाही."

तो हसला. मुलगी कुणाची आहे, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, म्हणाला नाही.

"बाहेरची खोली बघा. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाथरूम. बरोबर आहेत?"

त्यानं पाहिलं. मापं बरोबर होती. चार-सहा इंचांच्या आत. पगारी माणसं टेप घेऊन याहून वाईट मापं आणतात.

"मग एका पॅसेजमध्येच कशी चुकली?"

"मोजताना गोंधळली असेल."

"मलाही तेच वाटलं. पुन्हा मोजून आण म्हटलं. आणलं. तेवढंच. परत पाठवलं. पुन्हा तेवढंच." बाईंनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं वाचा."

तिचं अक्षर लहान होतं, ओळीच्या मधोमध बसलेलं, वरच्या-खालच्या रेघांना न शिवणारं. *बाहेरच्या खोलीचं दार ते बाथरूम – ९ पावलं. बाथरूम ते मागचं दार – ३ पावलं.* खाली आणखी दोन तारखा, आणि त्यांच्यापुढे तेच आकडे. नऊ, तीन. नऊ, तीन.

"ही तीन पावलं म्हणजे सहा फूट. ती बरोबर आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"बाथरूमची भिंत सहा फूट आहे. बरोबर."

"आणि ही नऊ पावलं... त्यांच्या बाजूला कुठली खोली येते?"

"माझी. कामाची."

तेव्हा त्यानं नकाशात आपली खोली शोधली. ती शोधावी लागली नसती, इतकी मोठी होती. डाव्या बाजूचा अर्ध्याहून जास्त भाग तिनं व्यापला होता. आत एकही वस्तू काढलेली नव्हती. स्वयंपाकघरात शेगडी होती, बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, बाथरूममध्ये बादलीसुद्धा होती. इथं नुसता पांढरा चौकोन, आणि त्याच्या मधोमध लिहिलेलं – *बाबांची खोली (आत न जाता). १८ फूट.*

दहा बाय नऊ. घरातली सगळ्यात लहान खोली. टेबल, कपाट आणि एक खुर्ची. खुर्ची मागे सरकवली की दार उघडत नाही, अशी.

बाईंनी वही मिटली. त्यांनी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर दिवसभर वाटत राहिलं. त्यांनी हिशेब त्याच्यावर सोडला, आणि हिशेब समोर पडला की तो करायचा राहत नाही, ही त्याची सवय. दहा फुटांना नऊ पावलं. एकशे वीस भागिले नऊ. तेरा इंच आणि वर थोडं. मैदानावर चोवीस इंचांचं पाऊल टाकणारी मुलगी त्याच्या दारावरून जाताना तेरा इंचांचं टाकत होती... दारावरून पुढे गेली, बाथरूमची भिंत लागली, की पुन्हा चोवीस.

"मी तिला वर्गात चालून दाखवायला सांगितलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, घरी त्या पॅसेजमधून जातेस तशी चाल. तिनं आधी बूट काढले. काढून हातात धरले. मग चालली."

"मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही, बाई."

"माहीत आहे मला. मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, बाबा कधी ओरडतसुद्धा नाहीत."

हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं.

बाईंनी दुसरा कागद पुढे केला. छापील अर्ज. दुसऱ्या शहरातली निवासी शाळा – गणितात हुशार असलेल्या मुलांसाठी. राहणं, जेवण सगळं तिथंच, घरी यायचं ते दोन सुट्ट्यांत. शिफारस बाईंची. आईची सही झालेली. वडिलांच्या सहीची जागा मोकळी.

"आज पाचपर्यंत ऑफिसात द्यायचाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेस म्हणाल्या, मीच सांगते त्यांना. दहा दिवस झाले. मला वाटलं, आता आपणच बोलावलेलं बरं. खरं सांगायचं तर मला ती इथंच हवी आहे. अशी मुलगी वर्गात असली की शिकवायला हुरूप येतो. पण ही शाळा मी नाही सुचवली. तिनं येऊन विचारलं, बाई, अशी कुठली शाळा असते का, जिथं राहता येतं."

अर्जात एक रकाना होता. *विद्यार्थ्याला घराबाहेर राहून शिकण्याची इच्छा का आहे?* चार ओळींची जागा. तिनं एकच भरली होती. *मला मोठ्यानं वाचायला आवडतं.*

*

मी कधी आवाज चढवलेला नाही, तो वाटभर मनात म्हणत राहिला. बायकोवर नाही, मुलीवर नाही, कामावरच्या माणसांवर तर नाहीच. लोकांच्या घरी जातो तेव्हा ऐकतो ना – भांडी आदळतात, टीव्ही एकीकडे, म्हातारा एकीकडे, सुनेचं वेगळंच – आणि मनात म्हणतो, आमचं घर शांत आहे. लोकांना सांगितलंसुद्धा आहे. आमच्याकडे या कधी, टाचणी पडली तर ऐकू येते...

दुपारी एकची मोजणी होती. दोन भावांमधली जागा, मध्ये रेघ मारून द्यायची. तो वेळेवर पोचला. त्याला उशीर होत नसे. थोरला टेपचं एक टोक धरून उभा, धाकटा दुसरं, कारण दोघांचाही तिसऱ्या माणसावर विश्वास नव्हता.

"साहेब, रेघ जरा त्याच्याकडे सरकवा, मी चहा पाजतो," थोरला म्हणाला.

"याच्या चहात दूध नसतं साहेब, फसाल," धाकटा पलीकडून ओरडला.

"तुझ्या बायकोनं दूध सोडलं तर असेल ना!"

"माझ्या बायकोचं नाव काढू नकोस हां, दादा."

"नाव कुठं काढलं? दूध म्हणालो."

एरवी तो अशा वेळी एखादं वाक्य टाकायचा. कामावर तो गमत्या म्हणून ओळखला जाई, हे घरी कुणाला खरं वाटलं नसतं. आज तो नुसता आकडे लिहीत राहिला. चोवीस फूट दोन इंच. एकोणीस फूट. तो गप्प आहे हे पाहून हळूहळू दोघं भाऊही गप्प झाले, धाकट्यानं टेप नीट ताणून धरली, थोरल्यानं चप्पल झटकली, आणि मग उगाचच दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचा वचकच असा आहे बघा. तुम्ही आलात की आम्ही भांडत नाही."

वचक. हा शब्द त्यानं आयुष्यात स्वतःसाठी वापरला नव्हता. वचक असायला माणूस धिप्पाड लागतो, मिशा लागतात, निदान आवाज तरी. आपल्याकडे यांतलं काहीच नाही. आपल्याकडे आहे ते फक्त – त्यानं पेन्सिल थांबवली – न बोलणं.

ती चार वर्षांची असेल. तेव्हा नकाशे हातानं शाईत काढत. टेबल पॅसेजच्या भिंतीला लावलेलं. ती पॅसेजमधून पळायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धाड धाड धाड, आणि मागच्या दारावर दोन्ही हात आपटून परत फिरायची. तिला तो खारू म्हणायचा, कारण खारीसारखी ती चालायचीच नाही, नुसती सुटायची. एका दुपारी टेबल हललं आणि आठ दिवसांच्या कामावरून शाईची रेघ घसरली. तो ओरडला नाही. दार उघडून बाहेर आला, तिच्याकडे पाहिलं, आत गेला, दार लावून घेतलं. नकाशा पुन्हा काढायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. रागानं नव्हे. निदान तेव्हा तरी त्याला वाटलं होतं, की मी कामात आहे.

बस, एवढंच. त्यानंतर घर शांत होत गेलं. स्वयंपाकघरात भांड्यांखाली दुमडलेली फडकी आली. खुर्च्यांच्या पायांना रबर आलं. खारू म्हणणं कधी सुटलं ते आठवत नाही – कदाचित ज्या दिवशी ती तशी राहिली नाही, त्या दिवसापासून. त्याला वाटत गेलं, मुलगी मोठी होतेय, समजूतदार होतेय.

आणि समजूतदारपणा म्हणजे काय, हे तो लहानपणीच शिकला होता. वडील कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा मधल्या खोलीत झोपायचे. आई ओठांवर बोट ठेवून फिरे. चार भावंडं कागदांवरून चालावं तशी चालायची, हसू आलं तर उशीत तोंड खुपसायची. वडिलांची झोप मोडू न देणं हेच वडिलांवरचं प्रेम. त्या घराला कारण होतं. माझ्या घराला काय कारण आहे? मी दिवसा झोपत नाही...

पण वडिलांचं ते बोलणं. शेवटच्या वर्षी, दवाखान्यात, सलाईनच्या नळीकडे बघत ते एकदम म्हणाले होते, "दुपारची मला कधी झोपच लागायची नाही रे." त्याला वाटलं, ग्लानीत बोलतायत. "नुसता पडून असायचो. तुम्ही बाहेर असायचात. वाटायचं, उठून यावं तुमच्यात. पण तुम्ही इतके गप्प असायचात सगळे... मलाच परक्याच्या घरात शिरल्यासारखं व्हायचं." तो तेव्हा हं म्हणाला होता, उशी सारखी केली होती. पंधरा वर्षं. बंद दाराच्या आत एक माणूस जागा, आणि बाहेर पाचजण तो झोपलाय म्हणून श्वास धरून.

"साहेब, रेघ कुठून मारायची?" धाकट्यानं विचारलं.

"उद्या येतो," तो म्हणाला. बावीस वर्षांत काम अर्धवट टाकून तो कधी निघाला नव्हता.

*

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी तो स्वतःच्या दारासमोर उभा होता. सातच्या आधी तो घरी येत नसे; आला तर येण्याच्या आधी फोन करी, म्हणजे जेवण गरम असावं. आज फोन केला नव्हता. अर्ज शर्टाच्या खिशात चार घड्या होऊन पडलेला. चावी हातात.

आतून आवाज येत होता. आधी त्याला वाटलं, शेजारच्यांचा.

मुलगी काहीतरी वाचत होती. भूगोल असावा – नद्या, त्यांची लांबी. वाचत कसली, घोषणा दिल्यासारखी म्हणत होती, प्रत्येक आकड्यावर पाय आपटत. तिचा आवाज जाड होता. आपल्या मुलीचा आवाज जाड आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत होता तो बारीक, शब्दाच्या शेवटी विरून जाणारा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज – आणि बायको, घसा खाकरून, ठसक्यात, एक-एक शब्द सुटा करत:

"टेप ताणून धर! टेप काय तुझी नवी नवरी आहे, हात लावायला लाजतोस ती?"

आणि मग हसणं. दोघींचं, एकात एक मिसळलेलं, थांबायला आलं की पुन्हा उसळणारं. "परत कर, आई, परत कर, ते चष्मा पुसतात ते कर ना!"

त्याचे कान तापले. हे वाक्य त्याचंच होतं. कामावरच्या माणसाला तो असंच म्हणायचा. पण ते इथं कसं आलं? चष्मा काढून, पुसत पुसत, डोळे बारीक करून... आणि मग त्याला आठवलं: लग्न झालं त्या वर्षी. या घरात येण्याच्याही आधी, भाड्याच्या एका खोलीत, तो संध्याकाळी आला की तिला दिवसभराच्या गमती सांगायचा, सगळ्यांच्या नकला करून, आणि स्वतःचीही. ती पोट धरून हसायची. म्हणजे ती नक्कल त्याच्या आजच्या चेहऱ्याची नव्हती. चौदा वर्षं तिनं ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं आणि मुलीला दिलं होतं, आणि आत दोघी ज्याला हसत होत्या तो माणूस मजेशीर होता, मोकळा होता, त्या दोघींना आवडत होता. तो सात वाजायच्या आत निघून जात असावा. मी यायच्या आत.

जिन्यावर कुणी येतंय का ते त्यानं पाहिलं. स्वतःच्या दाराबाहेर कान देऊन उभा असलेला माणूस कसा दिसतो, याची त्याला लाज वाटली. परत खाली जावं, सातला यावं, त्यांना त्यांचे साडेतीन तास द्यावेत... पण पाच वाजता ऑफिस बंद होत होतं.

त्यानं चावी फिरवली.

एक वाक्य मध्येच तुटलं. खुर्ची उचलून – ओढून नव्हे – जागेवर ठेवली गेली. दार पूर्ण उघडेपर्यंत घर शांत झालं होतं. त्याला ओळखीचं असलेलं, त्याचं घर.

"लवकर आलात?" बायको स्वयंपाकघराच्या दारात. "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"चहा ठेवू?"

त्यानं खिशातून अर्ज काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून घड्या सरळ केल्या. बायकोनं कागद दुरूनच ओळखला.

"बाईंनी दिला?"

"हो."

"मी सांगणारच होते."

"कधी?"

"तुमचं ते काम संपलं की."

"कुठलं काम?"

ती खरोखर आठवू लागली. "कुठलंतरी असतंच ना," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

मुलगी आतल्या खोलीत होती. त्यानं हाक मारली – "खारू" – आणि घशातून तो शब्द असा निघाला, की दुसऱ्या कुणाच्या मुलीला मारलेली हाक वाटावी. ती आली. पॅसेजच्या तोंडाशी थांबली. आईकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे.

"जायचंय तुला तिकडे?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

"माझं सोड. तुला काय वाटतं?"

"चांगली शाळा आहे म्हणतात."

"म्हणजे जायचंय?"

"तुमची इच्छा नसेल तर नको."

प्रत्येक उत्तर नीट होतं. कुठूनही धरता येत नव्हतं. जमिनीच्या भांडणात लोक खोटं बोलतात तेव्हा त्याला कळतं, कारण त्यांना काहीतरी हवं असतं. इथं समोर उभी असलेली मुलगी खोटं बोलत नव्हती, ती फक्त त्याला लागणार नाही असं काहीतरी शोधत होती, अंधारात वस्तू चाचपडावी तसं. सही केली तर हिला वाटेल, बाबांनी पाठवून दिलं. नाही केली तर वाटेल, बाबांनी अडवलं. हिला खरोखर काय हवंय ते मला कळणार कसं? या घरात मला कुणी काही सांगतच नाही. आणि ही तक्रार कुणाकडे करायची...

"अहो," बायको म्हणाली, "आधी सही करून टाका."

"तिला बोलू तर दे."

"सही होईपर्यंत ती तुम्हाला बरं वाटेल तेच बोलणार." तिचा आवाज मघाशी दाराबाहेर ऐकलेल्या आवाजाच्या जवळ आला होता, थोडासा. "मीही तेच करते. सही करा. तुमच्या हातात काही उरलं नाही, की मग विचारा तिला."

कुणीतरी फळीवरून डबा उतरवून ठेवावा, तसं तिनं ते वाक्य ठेवलं. चिडून नाही. तिला बहुधा बऱ्याच दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट असावी.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यानं सही केली. पेन उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सहीखाली तारीख लिहायची राहिलीय, तीही लिहिली. मग कागद मुलीच्या बाजूला फिरवून पुढे सरकवला, आणि हात मागे घेतले.

"आता सांग."

ती टेबलापाशी आली. कागद उचलला. सही पाहिली – बराच वेळ, सहीत वाचण्यासारखं काही असतं तर तेवढा वेळ. मग अर्जाची घडी घातली आणि आईच्या पर्समध्ये नाही, स्वतःच्या दप्तरात ठेवली.

"मी शाळेत जाऊन येते," ती म्हणाली.

"देणार अर्ज?"

तिनं मान हलवली नाही. आईकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत उभी राहिली, आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर तिला उत्तराची घाई नव्हती.

"माहीत नाही अजून," ती म्हणाली.

जाड आवाजात. शब्द शेवटपर्यंत तसाच. त्याला काहीतरी म्हणायचं होतं – शाबास म्हणायचं होतं, जाऊ नकोस म्हणायचं होतं, दोन्ही एकदम – आणि तो "छत्री घेऊन जा" म्हणाला, जरी आभाळात काही नव्हतं. ती घेऊन गेली.

*

तो आपल्या खोलीत गेला नाही. बाहेरच्या खोलीत, चार खुर्च्यांपैकी एकीवर बसला. कुठलीवर बसावं हे ठरवायला त्याला एक क्षण लागला, कारण या खोलीत त्याची अशी खुर्ची नव्हती. बायकोनं चहा आणून ठेवला आणि जाता जाता थांबली.

"दारात किती वेळ उभे होतात?"

"थोडा वेळ."

"ऐकलंत?"

"चष्म्याचं काय करून दाखवतेस?"

ती लाजली. मग म्हणाली, "नंतर कधीतरी," आणि आत गेली. आत तिनं भांडी आवरायला घेतली. आवाज होत नव्हता. कान देऊन ऐकलं तरी होत नव्हता. आठ-नऊ वर्षं त्याला ही शांतता आपण कमावली असं वाटत आलं होतं, जशी दुसरा कुणी एखादी जागा कमावतो. आता ती खोलीभर पसरून होती, आणि तिच्यात बसून एखाद्या आवाजाची वाट बघणारा माणूस तो एकटाच होता. बायकोला हाक मारावी, म्हणावं, आपट एखादं भांडं. पण असं सांगून आपटलेल्या भांड्याचा काय उपयोग...

शाळा दहा मिनिटांवर. जाऊन-येऊन वीस, तिथं पाच-दहा. पावणेपाच. पाच. त्यानं चहा प्यायला तेव्हा तो गार झाला होता.

सव्वापाचला त्यानं शाळेत फोन लावला. शिपायानं उचलला.

"ऑफिस बंद झालं, साहेब. उद्या करा."

"सातवीतली मुलगी आली होती का? छत्री घेऊन?"

"छत्रीवाली ना? आली होती. गणिताच्या बाईंबरोबर वर्गात बसली होती."

"कागद दिला का तिनं काही? ऑफिसात?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी गेटवर." मग जरा थांबून, "आवाज मात्र येत होता दोघींचा. काहीतरी जोरजोरात चाललं होतं."

"भांडण?"

"छे हो. वाचत होती वाटतं. की हसत होती... गेटपर्यंत ऐकू येत होतं, एवढं खरं."

"मग?"

"मग काय? बाई पाचला गेल्या. ती त्यांच्याबरोबरच बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत. पुढचं मी नाही बघितलं."

बायको दारात येऊन उभी होती. त्यानं शिपायानं सांगितलं तेवढं तिला सांगितलं, त्यात काही घातलं नाही आणि काही गाळलं नाही. तिनं विचारलं, "म्हणजे दिला की नाही?" तो म्हणाला, "कळत नाही." मग ती, कितीतरी दिवसांनी, समोरच्या खुर्चीत बसली.

साडेपाच वाजता मुलगी घरी आलेली नव्हती.